धोळावीरा आणि लोथल बघायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधू संस्कृती बघायची तर पाकिस्तानातच जावं लागतं ना?

शाळेच्या पुस्तकात हडप्पा आणि मोहेंजोदडो ही दोनच नावं ठळक छापलेली असतात, म्हणून तसं वाटतं. ही दोन्ही नगरं आज पाकिस्तानात आहेत, एक पंजाबात साहिवालजवळ आणि दुसरं सिंधमध्ये लारकान्याजवळ. भारतीय पासपोर्टवर नुसतं फिरायला तिथे जाणं सध्या तरी होण्यासारखं नाही. पण फाळणीनंतर आपल्या पुरातत्त्वज्ञांनी सीमेच्या अलीकडे कसून शोध घेतला आणि त्यातून लोथल, कालीबंगा, धोळावीरा, राखीगढी अशी एकेक ठिकाणं पुढे आली. त्यातलं धोळावीरा हे या संस्कृतीच्या सर्वांत मोठ्या नगरांपैकी एक आहे. मुंबईहून रात्रीच्या गाडीत बसलात तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुम्ही तिथे पोहोचता. म्हणून हे पान मुख्यतः गुजरातमधल्या धोळावीरा आणि लोथल या दोन जागांबद्दल आहे.

तिथे बघायला नेमकं काय आहे? दगड आणि पायेच ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. धोळावीराला कळसाचं मंदिर नाही, राजाचा पुतळा नाही, कोरीव लेणी नाहीत. कुणाचंही नाव घेऊन सांगता येईल अशी एकही गोष्ट तिथे नाही. वेरूळ-अजिंठा डोळ्यांसमोर ठेवून गेलेली माणसं अर्ध्या तासात गाडीत येऊन बसतात आणि 'काही नाहीये तिथे' असं सांगत परततात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण जे बघायचं ते त्यांच्या पायाखालीच असतं.

तिथे पाणी बघायचं. म्हणजे पाणी नव्हे, पाण्याची सोय. आपल्याकडे गडकिल्ले फिरलेल्या माणसाला हे लवकर उमजतं. गडावर गेलं की आधी टाकी कुठे, पाणी कुठून उतरतं आणि कुठे साठतं हे आपण बघतो. धोळावीरातही तीच नजर ठेवा. फक्त इथली टाकी साडेचार हजार वर्षांपूर्वीची आहेत आणि एका अख्ख्या शहराची तहान भागवणारी आहेत.

बालेकिल्ल्याच्या पूर्वेचा तलाव सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि जवळजवळ १० मीटर खोल आहे. त्याच्या कोपऱ्यातून दगडी पायऱ्या तळापर्यंत उतरतात. काठावर उभे राहून एकदा खाली नजर टाका आणि मग डोक्यावर घागर घेऊन त्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाचा विचार करा. दक्षिणेकडची टाकी तर सरळ कातळात खोदलेली आहेत. दुपार कलल्यावर तिरपं ऊन पडलं की कातळ कसा फोडत नेलाय ते स्पष्ट दिसतं. लोखंड तेव्हा नव्हतं. दगडाची आणि तांब्या-कांस्याची हत्यारं घेऊन हे काम झालंय.

पावसाचं पाणी वाया जाऊ नये म्हणून बालेकिल्ल्यात दगडी गटारांचं जाळं आहे. त्यातलं मोठं गटार माणूस आत शिरू शकेल एवढं उंच आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते भुयार वाटतं. चोरवाट वगैरे काही नाही, पावसाचं पाणी तलावाकडे नेण्याचा तो मार्ग आहे.

नदीकाठची संस्कृती म्हणतात, मग कच्छच्या रणात एवढं मोठं नगर कसं?

धोळावीरा मोठ्या रणातल्या खडीर बेटावर आहे. बारमाही नदी तिथे आजही नाही आणि तेव्हाही नव्हती. उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर असे दोन ओढे आहेत आणि दोन्ही पावसाळ्यापुरतेच वाहतात. या दोन ओढ्यांच्या मधे नगर वसवलं, ओढ्यांना बांध घातले, पाणी वळवून तटाच्या आतल्या तलावांत घेतलं. जमीन ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे उतरती आहे. तो उतार धरून एकातून दुसऱ्यात पाणी जाईल अशी तलावांची रचना केली. सिंधूच्या काठावरच्या लोकांपुढे पुराचा प्रश्न होता, यांच्यापुढे पाण्याच्या टंचाईचा. एकाच संस्कृतीच्या दोन नगरांनी दोन अगदी उलट्या प्रश्नांना उत्तरं शोधली. म्हणूनच मोहेंजोदडोचे फोटो बघून धोळावीराची कल्पना येत नाही.

मग इथे राहायचंच का? व्यापारासाठी. रणात तेव्हा आजच्यापेक्षा जास्त पाणी असावं आणि नावा ये-जा करत असाव्यात, असं अनेक संशोधक मानतात. तांबं, शंख, अकीक (मणी करायचा दगड) यांची ने-आण इथून होत होती.

आणखी एक फरक नजरेत भरतो. बाकीची बहुतेक हडप्पाकालीन नगरं विटांची आहेत. धोळावीरात मात्र दगड भरपूर आणि सुरेख वापरलाय. बालेकिल्ल्याच्या पूर्व दरवाजात चुनखडीच्या दगडाचे, घासून गुळगुळीत केलेले खांबांचे भाग आहेत. पिवळसर दगडात गुलाबी-लालसर पट्टे आहेत आणि त्यांची झिलई आजही टिकून आहे. बहुतेक लोक त्यांच्याकडे न बघता पुढे वर चढतात. तिथे थांबा, खाली बसा, प्रकाश कुठून पडतो ते बघा. हात मात्र लावू नका.

फिरण्याचा क्रम काय ठेवावा? किती वेळ लागतो?

आधी तिथलं छोटं संग्रहालय करा. मणी, वजनं, मुद्रा (म्हणजे शिक्के), खापरं आणि नगराचा आराखडा डोक्यात बसला की बाहेरच्या भिंती बोलू लागतात. पुरातत्त्व खात्याची अशी स्थळ-संग्रहालयं शुक्रवारी बंद असतात. एवढ्या लांब जाऊन शुक्रवार गाठणाऱ्यांची संख्या कमी नाही, म्हणून तारीख ठरवतानाच वार बघा.

मग पूर्वेचा तलाव, पूर्व दरवाजातून बालेकिल्ला, वरून सगळ्या नगराकडे एक नजर आणि उत्तर दरवाजा. या दरवाजाला आपल्या गडांच्या दरवाजांना असतात तशा आतल्या बाजूला खोल्या आहेत, देवड्याच म्हणा. त्यातल्याच एकीत ती प्रसिद्ध पाटी सापडली. सिंधू लिपीतली दहा चिन्हं, प्रत्येक चिन्ह सुमारे ३७ सेंटिमीटर उंच, जिप्समचे तुकडे लाकडी फळीवर बसवून केलेली. फळी कुजून गेली, चिन्हं मातीत तशीच पडून राहिली. जागेवर ती उघडी बघायला मिळतील अशी अपेक्षा धरू नका, जपणुकीसाठी ती झाकावी लागतात.

दरवाजातून खाली उतरलं की एक लांबलचक मोकळं मैदान लागतं. सण, बाजार, खेळ, काय काय चालत असेल तिथे, यावर तज्ज्ञांची मतं वेगवेगळी आहेत. त्याच्या पलीकडे मधलं नगर आणि पूर्वेला खालचं नगर. सरळ रस्ते, काटकोनातली वळणं, घरांच्या ओळी. बाहेरचा तट सुमारे ७७१ मीटर बाय ६१७ मीटरचा आहे. म्हणजे नुसतं भोवताली फिरलात तरी पावणेतीन किलोमीटर होतात. शेवटी दक्षिणेची कातळातली टाकी.

निवांत बघायचं तर चार-पाच तास हवेत. माझं मत विचाराल तर एक मुक्काम करून संध्याकाळ आणि दुसरी सकाळ असं दोनदा जावं. उन्हाची दिशा बदलली की वेगळ्याच भिंती नजरेत येतात.

मुंबई-पुण्याहून कसं जायचं?

मुंबईहून भुजला जाणाऱ्या कच्छ एक्स्प्रेस आणि सयाजीनगरी एक्स्प्रेस या रात्रीच्या गाड्या सोयीच्या. पुण्याहूनही भुजला थेट साप्ताहिक गाडी आहे. मुंबईहून भुजला विमानही जातं. दिवाळीच्या सुट्टीत आणि डिसेंबरमध्ये आरक्षण लवकर संपतं.

भुजहून दोन रस्ते आहेत. जुना रस्ता भचाऊ-रापरवरून, २०० किलोमीटरच्या वर. नवा रस्ता खावड्यावरून थेट रण ओलांडून जातो आणि अंतर बरंच कमी करतो. या रस्त्यावर दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत रण पसरलेलं दिसतं, पावसाळ्यानंतर काही महिने पाणी आणि मग पांढरं मीठ. पाणी असेल तेव्हा रोहित पक्षीही दिसतात. गाडी मधेच थांबवून लोक रस्त्यावर उभे राहून फोटो काढतात, ते टाळा. वाहनं वेगात असतात.

ज्यांना भुज करायचंच नाही त्यांनी भचाऊला किंवा सामाखियाळीला उतरून रापरमार्गे जावं. एसटीवर विसंबून राहण्यापेक्षा गाडी ठरवलेली बरी, कारण खडीर बेटावरून परतीची सोय दिवसातून मोजक्या वेळाच असते. डिझेल-पेट्रोल खावड्याला किंवा रापरलाच भरून घ्या.

कोणता महिना चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते, स्वेटर-शाल हवीच. मार्चपासून ऊन तापू लागतं आणि एप्रिल-मेमध्ये जाऊच नये. जागेवर सावली जवळजवळ नाही आणि दगड तापले की उभं राहवत नाही. हिवाळ्यातही टोपी आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी जवळ ठेवा.

धोरडोचा रणोत्सव याच दिवसांत असतो. त्यामुळे दोन्ही जोडून करता येतात, पण तेव्हा भुजमधली हॉटेलं महाग होतात. पांढऱ्या रणात जायला परवाना लागतो, त्यासाठी ओळखपत्र बरोबर असू द्या.

राहण्या-जेवण्याची सोय आहे का?

आहे. धोळावीराच्या आसपास राहण्याची ठिकाणं आता बरी झाली आहेत, २०२१च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आल्यावर ती वाढली. भुंग्यात, म्हणजे कच्छी पद्धतीच्या गोल घरात, राहता येतं. जेवण साधं: बाजरीचा रोटला, खिचडी-कढी, शेव-टमाट्याची भाजी, ताक. मांसाहार मिळेल असं धरून चालू नका.

गोल घराची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. धोळावीराची भरभराट ओसरल्यावर, नगर बरंच रिकामं झाल्यावर, जे लोक शेवटी तिथे राहिले त्यांनी चौकोनी घरं सोडून गोल घरं बांधली. उत्खननात त्यांचे पाये मिळाले आहेत. आजच्या भुंग्याशी त्यांचा थेट धागा जोडता येईलच असं नाही, पण ते पाये बघून आल्यावर भुंग्यात झोपताना मनात ते येतंच.

आई-वडील सत्तरीचे आहेत. त्यांना झेपेल?

चालण्याची सवय असेल तर झेपेल. वाट खडबडीत आहे, चढ फार नाही, पण दगडी पायऱ्या उंच-सखल आहेत. काठी आणि चांगले बूट हवेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर संग्रहालय, पूर्वेचा तलाव आणि मैदान एवढं केलं तरी पुष्कळ आहे. मुलांना मात्र जरूर न्या. शहर म्हणजे काय, सांडपाणी कुठे जातं, हे प्रश्न त्यांना तिथे आपोआप पडतात.

लोथलची गोदी खरोखर गोदी आहे का?

वाद जुना आहे. पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी १९५४ मध्ये लोथल शोधलं आणि पुढची काही वर्षं तिथे उत्खनन केलं. नगराच्या पूर्वेला पक्क्या विटांनी बांधलेला सुमारे २१५ मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद असा आयताकृती हौद मिळाला. राव यांनी ती जहाजांची गोदी ठरवली. काही अभ्यासकांनी हा शेतीच्या किंवा पिण्याच्या पाण्याचा तलाव असावा असं म्हटलं.

मला स्वतःला गोदीची बाजू जास्त पटते. पिण्याच्या पाण्याच्या तलावाला उभ्या, सपाट विटांच्या भिंती आणि पाण्याची पातळी राखणारी सांडव्याची वाट कशाला हवी? शिवाय हौदाच्या अगदी लगत वखारीचा उंच चौथरा आहे. त्या वखारीला आग लागली होती आणि त्या आगीत मालावर मारलेल्या मुद्रांचे मातीतले ६५ ठसे भाजून पक्के झाले. त्यांच्या मागच्या बाजूला दोरीच्या आणि कापडाच्या खुणा आहेत, म्हणजे गाठोडी बांधून वर शिक्का मारला होता. इराणच्या आखातातल्या पद्धतीची एक मुद्राही लोथलला मिळाली आहे. साबरमतीचा प्रवाह त्या काळी लोथलजवळून जात होता, असं गांधीनगरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून २०२४ मध्ये मांडलं, त्यानेही गोदीच्या बाजूला बळ मिळालं. पावसाळ्यानंतर गेलात तर हौदात पाणी दिसतं आणि मग वाद बाजूला राहतो, नुसतं बघत बसावंसं वाटतं.

लोथलला एक दिवस पुरतो का?

अर्धा दिवस पुरतो. अहमदाबादहून सुमारे ८० किलोमीटर, सरगवाला गावाजवळ. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. तिथलं संग्रहालयही शुक्रवारी बंद असतं. मणी करण्याचा कारखाना, स्नानगृहांची ओळ आणि त्यांची गटारं चुकवू नका. विटा जवळून बघा: जाडी, रुंदी आणि लांबी यांचं प्रमाण १:२:४ असं आहे आणि तेच प्रमाण शेकडो किलोमीटर दूरच्या नगरांतही मिळतं. वजनांचंही तसंच. चर्ट दगडाचे घनाकृती तुकडे, १, २, ४, ८, १६ अशा दुपटीने वाढणारे. लोथलच्या व्यापाऱ्याला हडप्प्याच्या व्यापाऱ्याचं माप आपोआप पटत असणार.

वेळ असेल तर तिथून खंभातला जा. अकीक घासून, भोकं पाडून मणी करणारे कारागीर तिथे आजही आहेत. संग्रहालयाच्या काचेत बघितलेले तांबूस मणी कसे होत असतील ते त्यांच्या हातांकडे बघून कळतं.

त्यांची लिपी वाचता आली का?

नाही. चिन्हं चारशेच्या आसपास आहेत, लेख बहुतेक चार-पाच चिन्हांचे आणि दोन लिप्यांत एकच मजकूर असलेला लेख अजून मिळालेला नाही. मी लिपी वाचली असं सांगणारे लेख दरवर्षी येतात, पण अभ्यासकांत सर्वमान्य झालेलं एकही वाचन नाही. २०२५च्या जानेवारीत तमिळनाडू सरकारने उलगडा करणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं, यावरून ओळखा. जागेवर कुणी पाटीवरचा मजकूर 'वाचून' दाखवला तर ऐकून घ्या आणि पुढे चला.

गाइड घ्यावा का?

धोळावीराला घ्यावा. स्थानिक माणसांपैकी काहींनी उत्खननावर प्रत्यक्ष काम केलेलं आहे. १९६०च्या दशकात जगत पती जोशी यांनी ही जागा उजेडात आणली आणि १९९० पासून आर. एस. बिष्ट यांनी अनेक वर्षं उत्खनन केलं. त्या खड्ड्यांत घमेली उचललेल्या माणसाकडून ऐकणं वेगळंच असतं. फक्त पैसे आधी ठरवा आणि 'घाई नको, सगळं दाखवा' असं स्पष्ट सांगा.

खापराचा तुकडा आठवण म्हणून आणला तर चालेल का?

अजिबात नाही. पायाखाली खापरं पडलेली असतात, मणीही क्वचित दिसतो आणि मोह होतो. पण तुकडा कोणत्या थरात, कोणत्या भिंतीजवळ पडला होता यावरच त्याचा अर्थ ठरतो, खिशात घातला की तो नुसता मडक्याचा तुकडा उरतो. कायद्यानेही तो गुन्हा आहे. मुलांनाही निघण्याआधीच समजावून सांगा. भिंतींवर चढून फोटो काढणं, त्यांवर बसून डबा खाणं हेही तितकंच वाईट. साडेचार हजार वर्षं टिकलेली भिंत दर रविवारी शंभर जणांच्या उड्यांनी टिकत नाही.

या शोधात मराठी माणसांचा वाटा होता का?

होता. १९११-१२ मध्ये देवदत्त रामकृष्ण भांडारकर मोहेंजोदडोला गेले होते. विटा इतक्या पक्क्या भाजलेल्या आणि एकसारख्या होत्या की ही जागा फार तर दोनशे वर्षांची असावी असा अहवाल त्यांनी दिला. पुढे १९२०च्या दशकात राखालदास बॅनर्जींनी तिथे उत्खनन केल्यावर चित्र पालटलं. पंढरपूरचे काशिनाथ नारायण दीक्षित यांनी तिथे मोठं उत्खनन केलं आणि नंतर ते पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं काम तर फार मोठं आहे. म. के. ढवळीकरांनी गुजरातेत कुंतासीला उत्खनन केलं आणि राखीगढीच्या सांगाड्याचा डीएनए अभ्यास २०१९ मध्ये वसंत शिंदे यांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झाला.

मूळ वस्तू कुठे बघायच्या?

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात. मोहेंजोदडोची कांस्याची नर्तिका तिथे आहे आणि ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंच आहे, पुस्तकातल्या फोटोमुळे ती मोठी वाटते. सोमवारी संग्रहालय बंद असतं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही सिंधू संस्कृतीच्या वस्तू आहेत. गुजरातला निघण्याआधी एक रविवार तिथे द्या.

महाराष्ट्रात हडप्पाकालीन काही आहे का?

दायमाबाद. श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी. उत्तर-हडप्पा, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या काळातल्या वस्तीच्या खुणा मिळालेलं हे दख्खनमधलं महत्त्वाचं ठिकाण. १९७४ मध्ये गावातल्या एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना कांस्याच्या चार भरीव मूर्ती मिळाल्या: बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारही मिळून वजन ६० किलोच्या वर. त्यांच्या काळाबद्दल मतभेद आहेत, पण अनेक अभ्यासक त्या उत्तर-हडप्पा काळाशी जोडतात.

जागेवर आज पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड आणि प्रवरेचं पात्र एवढंच दिसतं. फलक वाचून परतायचं असेल तर जाऊ नका. पण धोळावीरा बघून झालं असेल आणि शिर्डी-नेवाशाकडे जाणं होणार असेल तर वाट वाकडी करा, टेकाडावर उभे राहून नदी कुठे वळते ते बघा. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतते, तेव्हा दिवाळीनंतरच.